दारावरचा कडूलिंब

यंदा गावात पुन्हा खोकला-तापाची साथ आहे. परवा शेजारची बाळंतीण भिंतीपलीकडून विचारत होती, "काकू, मले कणकण वाटून राह्यली. लेकराले पाजू का नको?" भिंतीवरून सांगता येईल तेवढं सांगितलं. बाकीचं भिंतीवरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. माझं माहेर कळंब. शाळेत सातवीपर्यंत गेले, तेवढ्यावर हे लिहिणं चाललं आहे. डॉक्टरकीतलं मला काही समजत नाही. माझ्यावर जे गुदरलं तेच लिहिते, ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं.

ती सत्तावन्न सालची साथ. माझी कुसुम तेव्हा अंगावर पिणारी होती, नुकती मान धरायला लागलेली.

सरकी चोळताना

पेरणीचे दिवस होते. मी अंगणात सरकीला शेण-माती चोळत बसले होते. सरकीला जे कापसाचे तंतू चिकटलेले असतात ते बसावेत आणि पेरताना दाणा सुटा पडावा, म्हणून आमच्याकडे तसं करतात. चोळता चोळता हात थांबले. आधी वाटलं, फार वेळ बसले म्हणून असेल. मग भर उन्हात थंडी वाजायला लागली. हाडं मुसळानं कांडल्यासारखी दुखू लागली आणि शेणाचे हात धुवायला उठले तर उठताच येईना. तशीच सरकीच्या ढिगाशेजारी कलंडले.

हा ताप कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे. गावात पहिल्यांदा आजारी पडले ते शाळेचे गुरुजी आणि त्यांची बायको. आणि आमच्या गावाची रीत अशी, की कुणी आजारी पडलं की घराघरातून माणूस भेटीला गेलंच पाहिजे. नाही गेलं तर तो माणूस बरा होऊन म्हातारा होईपर्यंत लक्षात ठेवतो. भेटीला जायचं म्हणजे नुसतं दारातून विचारायचं नाही. बाजेवर पायथ्याशी बसायचं, कपाळाला हात लावायचा, त्यांच्याच कपातला चहा प्यायचा, आणि अशाच तापात कोण कोण गेलं त्याची हकीगत सांगायची. मीही कुसुमला कडेवर घेऊन गेले होते. गुरुजींच्या बायकोच्या कपाळाला हात लावून आले, चहा पिऊन आले. आठवडा उलटला नाही तोच भेटीला गेलेली निम्मी घरं आडवी झाली होती, आणि बाकीची निम्मी त्यांच्या भेटीला निघाली होती.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, धावत आल्या. आमच्या घरात माणसं मोजकीच. आत्याबाई, माझे मालक, मी आणि कुसुम. सासरे मी येण्याआधीच गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचा. त्यांना ऐकायला कमी येतं. कमी ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्यांचं कानात सांगणंसुद्धा गोठ्यातल्या बैलांना ऐकू जायचं.

त्यांनी माझी बाही वर केली, दंड पाहिले, डोळे उघडून पाहिले, तोंड उघडायला लावून जीभ पाहिली. मग परसात गेल्या, कडूलिंबाचा मोठा डहाळा तोडून आणला आणि पुढल्या दाराच्या चौकटीत बांधला.

"घरात मातामाय आली हाये," त्या मालकांना म्हणाल्या. "नामदेव, आजपासून तू गोठ्यात निजजो. घरात कोणाले येऊ देजो नको."

मातामाय म्हणजे आमच्या गावाची देवी. ती घरात आली म्हणजे कुणाच्या तरी अंगावर देवीचे फोड उठणार. शिकलेल्या वाचकांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे दारावर लिंब दिसला की लहान लेकरूही पायरी चढत नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई, मला शाळेत देवी टोचल्या आहेत. हा व्रण बघा."

"टोचलेल्यालेबी येते ते," त्या म्हणाल्या आणि माझ्या कुशीतून कुसुमला उचललं. "पोरगी माह्याजवय राहीन."

"आणि दूध?"

"तापाचं दूध लेकराले पाजत नाईत."

त्या क्षणी मला आत्याबाईंचा जो राग आला, तसा आयुष्यात कुणाचा आला नाही.

भिंतीच्या अलीकडे

मला माजघरात ठेवलं. अंथरुणावर लिंबाचा पाला, उशाशी लिंबाचा पाला, प्यायच्या पाण्याजवळही पाला. घरात फोडणी बंद झाली. माझी वेणी-फणी बंद. मालक बाहेरून आले की अंगणातच पाय धुवायचे, खिडकीतून दोन शब्द बोलायचे आणि गोठ्यात जायचे. जेवायला ज्वारीच्या कण्या आणि ताक. तोंडाला चव नव्हतीच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

तापाबद्दल फार काय सांगू. ताप आला, अंग ठणकलं, खोकला लागला, छातीत दुखलं. ते सगळं सहन होत होतं. सहन होत नव्हता तो भिंतीपलीकडचा आवाज. पुढल्या खोलीत कुसुम रडायची आणि इकडे माझी चोळी भिजायची. आत्याबाई तिला शेळीचं दूध पाणी घालून पाजत होत्या. वाटीत कापसाची वात बुडवायची आणि ती लेकराच्या तोंडात द्यायची, अशी ती पद्धत. आमच्याकडे कापसाला काही तोटा नाही. पण कुसुमला वात चोखता येत नव्हती, आणि जे पोटात जात होतं ते ठरत नव्हतं. तिला जुलाब लागले. हे मला कुणी सांगितलं नाही, बाहेर वाळत घातलेल्या दुपट्यांवरून समजलं.

छाती दगडासारखी झाली होती. माझ्या आईनं एकदा सांगितलेलं आठवलं, की दूध साचू दिलं तर आटतं. म्हणून तापात बसून मी हातानं दूध काढायची आणि मोरीत ओतून पाणी टाकायची. एका भिंतीपलीकडे लेकरू भुकेलं आणि अलीकडे मी दूध मोरीत ओततेय. तेव्हा रडायलाही आलं नाही, नुसती चीड आली.

एक दिवस आत्याबाई माझ्यासाठी मधात कालवून काहीतरी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मातामायचा अंगारा हाये. घे." जिभेवर ठेवला तर कडू जहर. मी पुष्कळ अंगारे खाल्ले आहेत. राखेला अशी चव नसते. पण वाद घालायची ताकद नव्हती, गिळून टाकला. थोड्या वेळानं घाम सुटून ताप उतरला. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ तो अंगारा मिळत गेला.

फाटकाशी

माजघरातून फाटक दिसत नाही, पण ऐकू येतं. भेटीला येणाऱ्यांमध्ये गावात पहिला नंबर सावित्राबाईंचा. कुणाच्या घरी साधी शिंक आली तरी ही बाई हजर. ती आली, फाटकाशी थबकली.

"अवो बाई, लिंब हाये का?" ती म्हणाली. "मातामाय आली म्हना की. थंडी होजो वं माय, थंडी होजो." तिनं हात जोडले असावेत. पावलं परत गेली.

असे रोज कितीतरी लोक येत आणि फाटकावरून हात जोडून परत जात. मला तेव्हा वाटायचं, मी पडून आहे आणि कुणी आत येऊन एक शब्द विचारत नाही. फार एकटं वाटायचं. आजारी माणसाला सगळ्यात जास्त हवं असतं ते कुणीतरी जवळ बसलेलं, हे मी आजही नाकबूल करत नाही.

मालक खिडकीतून गावच्या बातम्या सांगायचे. गुरुजी उठून बसले होते आणि त्यांनी नागपूरच्या पेपरात वाचलं होतं, की ही साथ साऱ्या देशात आहे, परदेशातून बोटीनं आली आहे, तिला फ्लू म्हणतात. कळंबच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनंही तेच सांगितलं होतं.

"मग आईला सांगा ना, ही देवी नव्हे म्हणून," मी म्हटलं.

"सांगतलं. तिले आयकूच नाई येत," मालक म्हणाले. "तिले पायजे तेच आयकू येते."

"आणि कंपाउंडरनं औषध काही दिलं?"

"गोया देल्या होत्या. आईच्या हाती देल्या. फेकल्या असन तिनं."

गावात म्हातारी माणसं दगावायला लागली होती. सावित्राबाई स्वतः पडल्या आणि त्यांच्या घरी भेटीला इतकी गर्दी झाली, की अंगणात सतरंजी टाकावी लागली.

पदर

मग एक दुपार अशी आली, की कुसुमचं रडणं बदललं. रडणं म्हणावं असं ते राहिलंच नव्हतं. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज यायचा आणि थांबायचा. थांबला की मी श्वास धरून पुन्हा यायची वाट पाहायची. एकदा फार वेळ आला नाही.

मी उठले. भिंत धरून, खांब धरून पुढल्या खोलीत गेले. आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुसुमची टाळू आत गेलेली, ओठ कोरडे. वाटीतलं दूध तसंच होतं.

"द्या माझी पोर," मी म्हणाले.

"तू कायले उठली? जाय, निज."

"निजते. पोर घेऊन निजते. देवी असत्या तर एव्हाना अंगभर उठल्या असत्या. हे बघा दंड, ही बघा पाठ, कुठं आहे फोड? दाखवा ना एक तरी!" मी ओरडतच होते.

आत्याबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हयू बोल. बाहीर आयकू जाईन." त्यांच्या तोंडी हे ऐकून दुसऱ्या वेळी मी हसले असते.

"जाऊ दे ऐकू. माझं दूध मोरीत जातंय आणि तुम्ही तिला कापूस चोखायला लावता. तुमच्या मांडीवर जाईल ती!"

त्यांचं तोंड एकदम उतरलं. इतकी मोठी बाई, माझ्यासमोर लहान दिसायला लागली. "माह्यंबी एक असंच पाजता पाजता..." त्या म्हणाल्या. पोरीकडे पाहत बसल्या. मग पोर मांडीवरून उतरवून पाटावर ठेवली, पेटीतून धुतलेल्या लुगड्याचा तुकडा काढला आणि माझ्या मागे येऊन माझ्या नाका-तोंडावरून घट्ट बांधला.

"सरकी काढाच्या जिनात कापूस येचाले जात होतो तवा आमी असं तोंड बांधत होतो," त्या म्हणाल्या. "रुई नाकातोंडात नाई गेली पायजे म्हनून. आता तुह्या तोंडातलं पोरीवर नाई गेलं पायजे. हात धू. तोंड तिकडं कर. मंग पाज."

मी हात धुतले, तोंड फिरवलं आणि पोर अंगाशी घेतली. आधी तिला धरताच येईना. आत्याबाईंनी तिचं डोकं मागून धरलं. मग तिनं धरलं. दूध फारसं नव्हतं, पण होतं. मोरीत ओतत राहिले त्याचा हा उपयोग झाला. आत्याबाई माझ्यासमोर बसून पोरीचा गळा हलतो का ते पाहत होत्या, आणि तो हलला की त्यांच्याही ओठांची हालचाल व्हायची.

त्या दिवसापासून पाजायच्या वेळी पोर माझ्याकडे, पाजून झालं की आत्याबाईंकडे. फडकं रोज उकळायचं, उन्हात टाकायचं. हळूहळू दूध वाढलं, दुपटी कमी वाळत पडायला लागली. कुसुमला ताप आला नाही. आत्याबाईंना एक-दोन दिवस कणकण आली होती असं मला वाटतं. त्यांनी कबूल केलं नाही, पण ते दिवस त्यांनीही तोंडाला फडकं बांधलं होतं.

भाऊ

मी हिंडू-फिरू लागले तरी लिंब दारावरच. वाळला की आत्याबाई नवा डहाळा बांधायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "मातामाय सांगन तवा काढू."

अशात त्यांचे एकुलते एक भाऊ उमरखेडहून आले. मोटारी बदलत, धूळ खात, बहिणीच्या घरी साथ आहे ऐकून आलेला माणूस. आत्याबाईंनी त्यांना फाटकाशी अडवलं. बाहेर पाण्याचा तांब्या ठेवला, भाकरी ठेवली, आणि म्हणाल्या, "दादा, लिंब हाये. आंदर येऊ नको."

"मी कायले भेतो लिंबाले? मले लहानपनीच येऊन गेली," दादा म्हणाले, आणि ते खरंच होतं, तोंडभर वण होते त्यांच्या. देवी एकदा आलेल्याला पुन्हा येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. दादांना अडवायला काही कारणच नव्हतं.

"तरीबी येऊ नको," आत्याबाई म्हणाल्या.

दादांनी भाकरीला हात लावला नाही. "सख्ख्या भावाले दारातून वापस करून राह्यली तू," एवढंच म्हणाले आणि आल्या वाटेनं निघाले. आत्याबाई ते दिसेनासे होईपर्यंत फाटकाला धरून उभ्या होत्या. पुढे कुसुमच्या वाढदिवसाला, दिवाळीला, कशालाच दादा आले नाहीत. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट.

पाठवणी

गावातला खोकला थांबला तेव्हा एका सकाळी आत्याबाईंनी लिंब काढला. आदल्या दिवशी दहीभात करून ठेवला होता. मातामायला थंड नैवेद्य लागतो. तो नैवेद्य आणि तो वाळका डहाळा घेऊन आम्ही शिवेवर मातामायच्या ठाण्याशी गेलो. मला त्यांनी कुसुमला घेऊन लांब बाभळीखाली बसायला सांगितलं आणि एकट्याच पुढे गेल्या.

त्या हळू बोलत होत्या, म्हणजे त्यांच्या मते हळू. मला सगळं ऐकू येत होतं.

"मातामाय," त्या म्हणाल्या, "तू माह्या घरी आलती नाई. मले पयल्याच दिशी समजलं होतं. हा मानमोडीचा ताप होता. मी नाई वयखीन तं कोन वयखीन? त्या मानमोडीत सारं गाव माह्या भेटीले येऊन बसलं होतं, अन् माह्यं लेकरू माह्या अंगावर पेता पेता गेलं. तापाले कोनी भेत नाई माय, लोकं तुले भेतात. म्हनून तुह्यं नाव घेतलं. तुह्या अंगाऱ्याच्या नावाखाली सुनेले गोयाबी चारल्या. लबाडी झाली. तिची जे काई सजा असन ते मले दे. पोरीले देजो नको. नामदेवाले, सुनेले देजो नको. मले दे."

मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली तापाची साथ. आमच्याकडची जुनी माणसं अजून तिचं नाव घेताना थांबतात. मालकांच्या आधी आत्याबाईंना एक मूल होऊन गेलं होतं हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. मालकांनाही नव्हतं.

मी बाभळीखाली बसून रडले. जिचा एवढा राग केला ती बाई आपल्या देवीशी खोटं बोलून माझ्यासाठी दारात उभी राहिली होती. दुधाच्या बाबतीत त्या चुकल्या, असं मी आजही म्हणते. तापाच्या आईनं तोंड बांधून पाजावं, लेकरू तोडू नये. पण त्या का चुकल्या तेही मला आता माहीत आहे.

परत येताना त्यांनी विचारलं, "डोये काहून लाल?"

मी म्हटलं, "धूळ गेली." त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

त्याच हिवाळ्यात गावात देवी टोचणारे आले. एरवी ते आले की आत्याबाई घर बंद करून शेतात जायच्या, मालकांनाही त्यांनी लहानपणी असंच लपवलं होतं. या वेळी त्या सगळ्यांच्या आधी चावडीवर जाऊन बसल्या, कुसुमला मांडीवर घेऊन. "पयले हिले टोचा," म्हणाल्या. मग मालकांना पुढे ढकललं. मग मला. माझा जुना व्रण दाखवला तरी ऐकेनात, पुन्हा टोचून घ्यायला लावलं.

टोचणारा भला माणूस होता. म्हणाला, "आजी, आता तुम्ही या. बाही वर करा."

आत्याबाईंनी बाही होती त्याहून खाली ओढली.

"मले नको," त्या म्हणाल्या. "माह्यं अन् मातामायचं बोलनं झालं हाये."

चावडीवरचे लोक हसले. सावित्राबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मी कुसुमचा दंड फुंकत बसले होते, मला हसता आलं नाही.